दुपारी अडीचचं पाणी

बर्वे बाई गेल्याचं मला नोटीस बोर्डावर कळलं. खरं तर मी बोर्डापाशी गेलो होतो तो दुसऱ्याच कागदासाठी. आमच्या विभागात कॅम्पस इंटरव्ह्यू झाले होते आणि एका सल्लागार कंपनीनं निवडलेल्या मुलांची यादी लागली होती. यादीत तीनच नावं होती, त्यातलं दुसरं माझं. मी ते दोनदा वाचलं, खात्री करून घ्यायला तिसऱ्यांदा वाचलं, आणि मग शेजारच्या अर्ध्या कागदाकडे नजर गेली. रसायनशास्त्र विभागातील सेवानिवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक श्रीमती वसुधा बर्वे यांचे निधन, शोकसभा सकाळी अकरा वाजता, उपस्थिती प्रार्थनीय. टाचण्या कमी पडल्या असाव्यात. दोन्ही कागदांच्या कडा एकावर एक ठेवून मध्ये एकच टाचणी मारलेली होती.

शोकसभेला मी मागच्या बाकावर बसलो. विभागप्रमुखांनी सांगितलं की बाई निष्ठावान होत्या, तीस वर्षांत त्यांच्या हातून एक बाटली फुटली नाही, आणि त्यांना निसर्गाची फार आवड होती, पहाटे उठून त्या तळ्यावर फिरायला जात. फिरायला... नऊ-दहा वर्षं दर गुरुवारी पहाटे एक बाई तळ्याच्या पाण्यात मीटर सोडून आकडे लिहीत होती, त्याला फिरणं म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. सरांनी विचारलं, विद्यार्थ्यांपैकी कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. दोघा-तिघांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. बाईंच्या बाबतीत न बोलण्याची मला त्याआधीच सवय झाली होती. ती कशी झाली तेच मला इथे सांगायचं आहे. मला लेख लिहिता येत नाही, हा पहिलाच. पण बाईंना जाऊन आता सहा आठवडे होऊन गेले आणि दुसरं कुणी हे सांगेल असं वाटत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते माहीत नाही.

मी भंडाऱ्याकडचा. आमच्या भागात गावागणिक जुने तलाव आहेत, मालगुजारीच्या काळातले, आणि आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या त्या तलावांतली मासेमारी. घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. एम.एस्सी.ला पुण्यात प्रवेश मिळाला तेव्हा सदाशिव पेठेत चौघांत एक खोली घेतली आणि पहिले काही महिने मी जेवढं कमी बोलता येईल तेवढं कमी बोललो. माझं बोलणं ऐकून मुलं हसत असत असं नाही, पण मी काही म्हटलं की ती क्षणभर थांबत. तो क्षण मला नको असे. प्रयोगशाळेत मात्र सुटका नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी आम्लाच्या बाटलीचं बूच टेबलावर पालथं ठेवलं आणि मागून आवाज आला, ‘अहो शेंडे, त्या टेबलालाही आम्ल पाजायचं आहे का? आधी त्याला विचारलंत?’

मागे बर्वे बाई उभ्या होत्या. बुटक्या, करड्या केसांच्या, साडीवर पांढरा ॲप्रन, ॲप्रनच्या खिशात पेन्सिल. मी दिवसभर खाली मान घालून होतो. संध्याकाळी माझा खोलीसोबती, पुण्यातच वाढलेला, म्हणाला, ‘अरे वेड्या, ती टोमणा मारते म्हणजे तू तिला चालतोस. ज्याला ती काही बोलत नाही ना, त्यानं काळजी करावी.’ मला ते पटलं नव्हतं. आमच्याकडे माया करणारं माणूस असं बोलत नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्यांना शिकायचं नव्हतं त्यांच्याशी बाई फार गोड बोलत.

मी तलावांच्या भागातला आहे हे त्यांना कुठूनसं कळलं. एक दिवस काचेची भांडी पुसता पुसता त्या म्हणाल्या, ‘आपल्याकडे तळी पुष्कळ, नाही का? मग एक आमचंही बघून घ्या. गुरुवारी पहाटे साडेपाच. उशीर झाला तर तळं थांबेल, मी थांबणार नाही.’ मी सायकलवर, त्या त्यांच्या जुन्या मोपेडवर. तळं शहराच्या कडेला, तेव्हा नुकत्याच उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींच्या मागे. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. बांधावर पोचलो तेव्हा उजाडायचं होतं आणि बाईंनी बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा उघडून ठेवला होता. आत फोमच्या खाचा कापून मीटर बसवलेले. एक पाण्याचा आम्लपणा सांगणारा, एक क्षार सांगणारा, आणि तिसरा, ज्याच्यावर त्यांचा जीव होता, पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा. कॉलेजनं मोडीत काढलेला तो मीटर त्यांनी मागून घेतला होता आणि स्वतः दुरुस्त केला होता. त्याच्या दांडीच्या टोकाला एक पातळ पडदा असतो, नखाएवढा. तो फाटला की आकडा खोटा येतो. तो पडदा बदलताना बाई श्वास रोखून धरत. मीटर सुरू केला की पंधरा मिनिटं त्याला काही विचारायचं नाही, असा नियम होता. ‘झोपेतून उठवल्या उठवल्या आपण तरी खरं बोलतो का?’ असं त्यांचं म्हणणं.

त्यांची मुख्य शिस्त वहीची होती. प्रत्येक ओळ घड्याळानं सुरू व्हायची. आधी वेळ लिहायची, मग मीटरकडे बघायचं. एकदा मी आकडा आधी लिहिला तर त्यांनी ती ओळ पेन्सिलीनं सरळ रेघ मारून रद्द केली आणि पुन्हा मोजायला लावलं. मला ते अती वाटलं, तसं मी चेहऱ्यावर दाखवलंही असेन. मग त्यांनी समजावलं. तळ्यात सांडपाणी आलं की पाणी हिरवं होतं, आणि ते हिरवं दिवसा उन्हात भरपूर ऑक्सिजन सोडतं. दुपारी मोजाल तर पाणी ठणठणीत दिसेल, निरोगी पाण्याहूनही जास्त. रात्र झाली की तेच हिरवं आणि खालचा चिखल मिळून सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात. सूर्य उगवायच्या आधी काय उरलं आहे, तेवढंच खरं. माशाला दुपारचा ऑक्सिजन पहाटेसाठी साठवून ठेवता येत नाही.

मी हसलो, कारण हे मला माहीत होतं. मीटरशिवाय माहीत होतं. माझे बाबा सांगत, ‘पायटी मासोरी वर येऊन तोंड उघडते का, समजाचा, पान्याचा जीव गेला.’ पायटी म्हणजे पहाटे. हे मी बाईंना आधी शुद्ध भाषेत सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘नको, वडील म्हणाले तसंच सांगा.’ मी सांगितलं. त्यांनी ते वहीत त्याच शब्दांत लिहून घेतलं आणि खाली लिहिलं, निरीक्षण : श्री. शेंडे, मासेमार, भंडारा जिल्हा. मग वही मिटून म्हणाल्या, ‘तुमच्या वडिलांना मीटर लागत नाही. आपल्याला लागतो, कारण आपण कॉलेजात गेलो.’ पुण्यात माझ्या बाबांचं नाव कुणी लिहून घेतलं, असा तो एकच प्रसंग.

त्या वर्षी पावसाळा संपल्यापासून मार्चपर्यंत मी एकही गुरुवार चुकवला नाही. बाई आकडा वाचत, मी लिहीत असे. नाहीतर उलट. बहुतेक पहाटे ऑक्सिजनच्या मीटरचा आकडा एकच्याही खाली असे; माशांना चार-पाच तरी लागतो. कधीकधी काठाजवळ मासे वर येऊन तोंड उघडत, तेव्हा बाई माझ्याकडे बघून नुसत्या मान हलवत. त्यांनी या आकड्यांची पत्रं महापालिकेला लिहिली होती, कॉलेजातल्या सरांना दाखवली होती. सरांनी म्हटलं होतं, चांगला छंद आहे.

एप्रिलमध्ये मला उन्हाळी प्रकल्प मिळाला. विभागप्रमुखांनीच बोलावून सांगितलं, एक सल्लागार कंपनी मुलगा मागते आहे, पाण्याची मापं घ्यायची आहेत, काम चांगलं केलंस तर पुढे नोकरीचंही होईल. मी विचारलं कुठलं पाणी, तर तेच तळं. त्याच्या काठावर एक आयटी पार्क आणि राहायचे टॉवर व्हायचे होते आणि त्याच्या परवानगीसाठी तळ्याची आजची अवस्था लिहून द्यायची होती. मी हो म्हटलं. मला ते वाईट वाटलं नाही, उलट आनंद झाला. वाटलं, ज्या आकड्यांना कुणी विचारत नव्हतं ते आता अहवालात जातील.

कंपनीची गाडी यायची जेवणानंतर. एसी गाडी, आत मॅनेजर आणि मी. मॅनेजर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, स्वभावानं चांगला, मला ‘बॉस’ म्हणायचा. त्याच्याकडचा मीटर परदेशी होता. एकच दांडी पाण्यात सोडली की सगळं एका पडद्यावर दिसायचं. आम्ही पोचायचो तेव्हा दुपारचे अडीच झालेले असत. पहिल्या दिवशी ऑक्सिजनचा आकडा बघून मी थबकलो. पाण्यात मावतो त्याहून जास्त. मॅनेजर म्हणाला, ‘वा, एकदम हेल्दी लेक आहे.’ मी म्हटलं, ‘सर, पहाटे एकदा यायला पाहिजे. पहाटे वेगळं येतं.’ तो म्हणाला, ‘पहाटे ड्रायव्हर नसतो बॉस.’ मापं भरायच्या छापील कागदावर तारखेचा रकाना होता, ठिकाणाचा होता, वेळेचा नव्हता. तेही मी विचारलं. ‘फॉर्मॅट क्लायंटचं आहे. टाइमचा कॉलम नाहीये तर नाहीये. टेन्शन घेऊ नको.’

मी टेन्शन घेतलं नाही, हे खरं. पण हाताला लागलेली सवय जात नाही. प्रत्येक कागदाच्या समासात मी पेन्सिलीनं वेळ लिहीत गेलो. २.३०, २.३५, २.३०. दुसरी प्रत माझ्याकडे राहायची, ती मी खोलीवरच्या ट्रंकेत ठेवायचो. त्या तीन महिन्यांत बाईंनी दोनदा विचारलं, ‘कुठे असता हल्ली? गुरुवार कॅलेंडरातून गेला का?’ मी म्हटलं, प्रकल्प आहे. कुठला ते सांगितलं नाही. त्यांना राग येईल म्हणून सांगितलं नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. आता वाटतं, त्या एकच प्रश्न विचारतील हे मला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे समासात लिहिलेलं होतं.

अहवाल छापून आला तेव्हा त्यात एक वाक्य होतं, तळ्यातील प्राणवायूचे प्रमाण जलचरांसाठी समाधानकारक आहे. समासातली पेन्सिल टाइप करणाऱ्यानं उचलली नव्हती. तो कशाला उचलेल... आभाराच्या पानावर माझं नाव होतं. त्या पानाची झेरॉक्स मी घरी पाठवली. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आमचं आडनाव कुठे आहे ते त्यांनी शाळेतल्या गुरुजींकडून दाखवून घेतलं, असं आईनं फोनवर सांगितलं.

गणपती झाल्यावर तळ्याजवळच्या एका शाळेच्या सभागृहात लोकांची मतं ऐकायची बैठक झाली. मॅनेजर म्हणाला, तूही ये, काही टेक्निकल निघालं तर. मी तिसऱ्या रांगेत कंपनीच्या माणसांबरोबर बसलो. बाई येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या आल्या, ॲप्रनशिवाय, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत सगळ्या वह्या. त्यांची पाळी आली तेव्हा त्या उभ्या राहिल्या आणि पहाटेचे आकडे वाचू लागल्या, वेळेसकट, तीन-चार ओळी झाल्या असतील. मंचावरच्या अधिकाऱ्यांनी थांबवलं.

‘आपण कुठल्या पदावर आहात?’

‘प्रयोगशाळा सहाय्यक.’

‘म्हणजे प्राध्यापक नाही.’

‘नाही. पण ते मीटरला कळत नाही.’

सभागृहात लोक हसले. मीही हसलो असेन. मग मॅनेजर उठला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाला की मॅडमच्या कळकळीचा आम्हाला आदर आहे, पण त्यांचा मीटर जुना, घरी दुरुस्त केलेला आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवलेला असतो, त्याचे आकडे आणि आमचे आकडे जुळणार नाहीत हे उघड आहे. बाईंनी अहवाल उघडला. ‘तुमचा मीटर उत्तमच असणार. मला एवढंच सांगा, या पानावर तारीख आहे, वेळ नाही. माप किती वाजता घेतलं?’

मॅनेजर म्हणाला, डेटा फील्ड टीमनं घेतला आहे. बाईंनी विचारलं, टीम म्हणजे कोण? आणि त्यानं वळून माझ्याकडे हात केला. त्याला आमच्या गुरुवारांबद्दल काही माहिती नव्हती. त्यानं सहज केला.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटतं त्यांना पटायला तेवढा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा चक्क मोकळा झाला. हे मला सगळ्यात जास्त आठवतं. त्यांना वाटलं, आता झालंच काम. हा आपला मुलगा आहे, हा वेळ लिहिल्याशिवाय मीटरकडे बघत नाही. ‘अहो शेंडे,’ त्या म्हणाल्या, ‘सांगा यांना, किती वाजता?’

मी उभा राहिलो. सगळं सभागृह तसंच थांबलं, मी काही बोललो की मुलं थांबत तसं. मॅनेजर माझ्याकडे हसऱ्या चेहऱ्यानं बघत होता. बाबांनी गावाकडे जपून ठेवलेली ती आभाराच्या पानाची झेरॉक्स मला दिसली, विभागप्रमुख म्हणाले होते ते नोकरीचं वाक्य आठवलं. हे सगळं एका वेळी डोक्यात आलं असं मी म्हणतो, पण खरं म्हणजे मी फारसा विचार केलाच नाही. मी म्हणालो, ‘लक्षात नाही, मॅडम.’

त्यांना मी कधीच मॅडम म्हटलं नव्हतं. अधिकारी म्हणाले, ठीक आहे, मुद्द्याची नोंद घेतली, पुढचे कोण? बाईंनी वह्या एकेक करून पिशवीत घातल्या. त्या वेळी तिथे चहा फिरू लागला होता, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी बाहेर गेलो, त्या मोपेडपाशी उभ्या होत्या. त्यांनी मला फाडून खावं म्हणून मी तिथे गेलो होतो. मनात मी त्यांची वाक्यंही तयार करत होतो, कॅलेंडर, घड्याळ, स्मरणशक्ती, काय काय त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी किक मारली आणि म्हणाल्या, ‘घरी जा आता. ऊन फार आहे.’ एवढंच. इतक्या मऊ आवाजात त्या माझ्याशी पूर्वी कधी बोलल्या नव्हत्या. खोलीसोबती काय म्हणाला होता ते मला तेव्हा समजलं.

त्यानंतर बाईंनी मला एकही टोमणा मारला नाही. प्रयोगशाळेत मी मुद्दाम बूच पालथं ठेवून पाहिलं. त्यांनी येऊन ते सुलटं ठेवलं आणि पुढे गेल्या. दिवाळीच्या आधी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात मला हार आणायला पाठवलं होतं. पुढे त्या पेठेत कधी भाजी घेताना दिसत, ‘बरं चाललंय ना?’ असं कुणालाही विचारावं तसं विचारत. परवानगी मिळाली, तळ्याच्या काठावर पत्रे लागले. पत्र्यांच्या एका फटीतून त्या अजून गुरुवारी आत जातात असं ऐकलं होतं.

जानेवारीत एकदा धीर करून मी त्यांच्या घरी गेलो. समासात वेळ लिहिलेले सगळे कागद पिशवीत घेऊन गेलो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीत मीटर उघडून ठेवलेला, त्या दांडीच्या टोकाचा पडदा बदलत होत्या. मला त्यांनी चहा दिला, बशीत बिस्किटं दिली. पूर्वी म्हणायच्या, ‘बिस्किट हवं असेल तर मागा, मला तुमच्या पोटातलं ऐकू येत नाही.’ आता न मागता दिली. परीक्षा कधी आहे, गावाकडे पाऊस कसा झाला, असं विचारलं. पिशवी माझ्या मांडीवर होती. अर्धा तास मी तिच्या बंदाशी चाळा करत होतो. मला वाटतं त्यांना कळलं होतं पिशवीत काय आहे ते. त्या वाट बघत होत्या की नव्हत्या, हे मला सांगता येणार नाही. मी चहा पिऊन उठलो. पुढच्या महिन्यात नोटीस बोर्डावर तो कागद लागला. हृदयविकार, सकाळची वेळ, घरात एकट्याच.

त्या गेल्यानंतर मात्र मी धीट झालो. माणूस गेल्यावर धीट व्हायला काही लागत नाही. ते कागद आणि एक पत्र घेऊन मी परवानगी देणाऱ्या कार्यालयात गेलो. टेबलावरच्या गृहस्थांनी सगळं शांतपणे वाचलं आणि म्हणाले, ‘हरकतींची मुदत संपली आहे. आणि तुमचं म्हणणं काय, मापं चुकीची आहेत?’

‘नाही. मापं बरोबर आहेत. पण ती दुपारी अडीचची आहेत.’

‘म्हणजे बरोबरच आहेत की.’

मी पहाटेचं समजावू लागलो, तर त्यांनी पत्रावर आवक शिक्का मारून प्रत माझ्या हातात दिली. ती प्रत माझ्याकडे आहे. महिना झाला, कुणी बोलावलं नाही, कुणी रागावलंही नाही. कंपनीला बहुतेक कळलंही नसेल, कारण नेमणुकीचं पत्र त्यानंतर आलं, परीक्षा झाल्यावर रुजू व्हा म्हणून. मला वाटलं होतं खरं सांगितल्याची काहीतरी किंमत पडेल. ते कुणाच्या वाटेत आलंच नाही.

परवा पहाटे मी तळ्यावर जाऊन आलो. इमारतींच्या पायाचे खड्डे झाले आहेत. काठाला मासे वर येऊन तोंड उघडत होते, खूप, मी पूर्वी पाहिले होते त्याहून जास्त. परत येताना एसटीडी बूथवरून गावाकडे शेजारच्या दुकानात फोन लावला आणि बाबांना बोलावून घेतलं. त्यांना सगळं सांगितलं नाही, माशांचं तेवढं सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग तू सांगतला नाही का त्यायले?’ मी म्हटलं, सांगितलं, बाबा. उशिरा सांगितलं. मीटर पळत होता, म्हणून मी फोन ठेवला.

नेमणुकीच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. आज हा लेख माझ्या नावानं छापून येतो आहे, त्यामुळे आता त्याची गरज उरणार नाही असं वाटतं. बाबांना काय सांगायचं ते मात्र ठरलेलं नाही.

गेल्या रविवारी बाईंच्या भाचीनं, मेधाताईंनी, मला बाईंच्या घरी बोलावलं. त्या एका कंप्युटर कंपनीत नोकरी करतात, कोथरूडला राहतात, बोलणं थेट आत्याचं. घर रिकामं झालेलं होतं, भिंतीवर कॅलेंडरची चौकोनी खूण, स्वयंपाकघरात फक्त फ्रिज चालू. ‘आत्यानं सांगून ठेवलंय, शेंडेंना विचारल्याशिवाय फ्रिज बंद करायचा नाही. सहा आठवडे मी नुसता चिखल थंड ठेवतेय. लोक दूध ठेवतात.’ मी विचारलं, त्यांनी हे कधी सांगितलं होतं? ‘दिवाळीत, रिटायर झाल्यावर. का?’

म्हणजे त्या बैठकीनंतर. मी पुन्हा पुन्हा हिशेब करून पाहिला, तो तसाच येत होता. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला की दुसरं कुणीच नव्हतं म्हणून माझं नाव घेतलं, हे आता विचारायला जागा नाही.

फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरण्या असतात तिथे, चिखलाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. तळ्याच्या तळाचा काळा चिखल, प्लॅस्टिकच्या नळीनं काढलेला. नळी पाण्यात उतरून मी दाबत असे आणि बाई काठावरून म्हणत, ‘अहो, तळाशी जायचं आहे, तळ्याची पाठ चोळायची नाहीये.’ एकदा त्या बाटलीचा वास घेऊन म्हणाल्या होत्या, ‘पाणी दुपारी एक सांगतं आणि पहाटे एक. चिखल दिवसभर एकच सांगतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.’ प्रत्येक बाटलीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी, वेळ, ठिकाण, आणि खाली दोन नावांच्या जागा, कारण नमुना कधी एकट्यानं घ्यायचा नाही, एकानं घ्यायचा आणि दुसऱ्यानं बघायचा. पहिल्या बाटल्यांवर बर्वे, शेंडे. बर्वे, शेंडे. मग एप्रिलपासून पुढे नुसतं बर्वे, आणि त्याच्याखाली एक मोकळी रेघ. शेवटची बाटली जानेवारीतली होती. त्या रेघेवरही काही नव्हतं.

मी मेधाताईंना म्हटलं, विभागात ठेवायला जागा देणार नाहीत, हॉस्टेलवाल्या मित्रांकडेही फ्रिज नाही. त्या म्हणाल्या, घर जाईपर्यंत राहू देत, बघू. मग एकेक बाटली उजेडात धरून बघता बघता थांबल्या.

‘इथे दुसऱ्याचं नाव राहिलंय बऱ्याच ठिकाणी. तुमचंच ना?’ त्यांनी फ्रिजवरची पेन्सिल पुढे केली. ‘आता लिहून टाका की.’

‘मी तिथे नव्हतो,’ मी म्हणालो.

मेधाताईंनी पेन्सिल जागेवर ठेवली आणि फ्रिजचं दार लावलं.